सव्वादोन एकर म्हणजे नऊ छेद चार

पाच एकर जमीन चार भावांत वाटायची आहे. कॅल्क्युलेटरवर ५ ÷ ४ केलं आणि उत्तर आलं १.२५. ते पाहून कुणी म्हणालं, ‘प्रत्येकाला एक एकर पंचवीस गुंठे.’ ऐकायला ठीक वाटतं. पण आता उलटा हिशोब करा. चौघांचे मिळून चार एकर आणि शंभर गुंठे झाले. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे शंभर गुंठ्यांचे अडीच एकर. पाच एकरांच्या वाटणीत साडेसहा एकर वाटून झाले!

कॅल्क्युलेटरचं उत्तर अगदी बरोबर होतं. वाचताना घोळ झाला. टिंबानंतरचे पंचवीस हे शंभरातले पंचवीस आहेत आणि गुंठे मोजायचे ते चाळिसातले. शंभरातले पंचवीस म्हणजे पाव. एकराचा पाव म्हणजे दहा गुंठे. प्रत्येक भावाला सव्वा एकर, म्हणजे एक एकर दहा गुंठे जमीन मिळायला हवी.

असे हिशोब गावोगाव लागतात. बालाघाटच्या डोंगररांगेतलं लिंबागणेशच घ्या. बीड तालुक्यातलं हे गाव भालचंद्र गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. आजूबाजूच्या सगळ्या मुलखासारखा इथलाही व्यवहार शेतीचा, आणि शेतीचा व्यवहार अपूर्णांकांचा. बोलण्यात सव्वादोन एकर, साडेतीन एकर, पाच एकर दहा गुंठे. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर. खताच्या दुकानात दीड पोतं. ट्रॅक्टरवाल्याकडे पावणेतीन तास. यातलं काहीही कॅल्क्युलेटरवर जसंच्या तसं दाबता येत नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर ‘सव्वा’ची कळ नसते. तिथे मुख्यतः दहा अंक, एक टिंब आणि चार क्रिया असतात. तेवढ्यात हे सगळे अपूर्णांक कसे बसवायचे, ते या प्रकरणात पाहू.

एकाच संख्येची तीन रूपं

सव्वादोन ही संख्या तीन प्रकारे लिहिता येते. २ पूर्णांक १/४ हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक. ९/४ हा अंशाधिक अपूर्णांक, कारण त्याचा अंश छेदापेक्षा मोठा आहे. आणि २.२५ हा दशांश अपूर्णांक. किंमत एकच, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

पूर्णांकयुक्त रूप समजायला सोपं. ‘सव्वादोन’ म्हटल्याबरोबर दोन आणि वर थोडं, हे कळतं. ‘नऊ चतुर्थांश एकर’ असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी हिशोब करत बसेल. उलट गुणाकार-भागाकाराला अंशाधिक रूप सोयीचं, कारण त्यात बेरजेचा भाग उरत नाही. २ पूर्णांक १/४ या लिखाणात एक अधिकचं चिन्ह लपलेलं आहे: दोन अधिक पाव. ९/४ मध्ये फक्त एक भागाकार आहे. कॅल्क्युलेटरवरच्या बहुतेक चुका त्या लपलेल्या अधिकमुळे होतात.

एकातून दुसऱ्यात जाण्याची रीत शाळेत शिकवलेली असते: पूर्णांकाला छेदानं गुणायचं, अंश मिळवायचा, छेद तोच ठेवायचा. दोन चोक आठ, आठ आणि एक नऊ, म्हणून ९/४. या रीतीमागचा अर्थ शेतात उभं राहून पाहिला तर पाठांतराची गरज उरत नाही. दोन एकर दहा गुंठे म्हणजे किती गुंठे? दोन एकरांचे ऐंशी आणि वरचे दहा, एकूण नव्वद. म्हणजे ९०/४० एकर. अंशाधिक रूपात नेणं म्हणजे मोठं माप मोडून सगळं एकाच लहान मापात मोजणं, इतकंच. नव्वद गुंठे म्हणताना आपण अंशाधिक अपूर्णांकच बोलत असतो, फक्त चाळिसाचा छेद तोंडानं म्हणत नाही.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त अपूर्णांकांचे प्रकार पाडले आहेत. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे: भागानुबंध आणि भागापवाह. भागानुबंधात पूर्णांकाला एखादा भाग जोडलेला असतो, जसे सव्वादोन किंवा साडेतीन. भागापवाहात पूर्णांकातून भाग काढलेला असतो, जसे पावणेतीन, म्हणजे तिनाला पाव कमी. नियम दोन्हींना एकच: पूर्णांकाला छेदानं गुणा आणि अंश पहिल्यात मिळवा, दुसऱ्यात वजा करा. पावणेतीनसाठी तीन चोक बारा, बारातून एक गेला, अकरा, म्हणून ११/४. आजचं पाठ्यपुस्तक त्यालाच २ पूर्णांक ३/४ म्हणून ११/४ वर पोचतं. पण ज्याच्या तोंडात ‘पावणेतीन’ आहे, त्याला भास्कराचार्यांची वजाबाकीची वाट अधिक जवळची. जुन्या हस्तलिखितांत हे लिहायची पद्धतही वेगळी होती. वर पूर्णांक, त्याखाली अंश, त्याखाली छेद, अशी उभी मांडणी. मधली रेघ नसे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

मराठी जमाखर्चातही अपूर्णांकांसाठी सुटसुटीत खुणा होत्या. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. २। म्हणजे सव्वादोन, २॥ म्हणजे अडीच, २॥। म्हणजे पावणेतीन. आणि हिशोब तोंडी होण्यासाठी पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. कॅल्क्युलेटर हातात असतानाही त्या पाढ्यांचा एक उपयोग शिल्लक आहे. तो पुढे येईलच.

टिंब आणि चाळीस, साठ, बारा, सहा

दशांश चिन्ह फक्त दहा, शंभर, हजार अशाच छेदांची भाषा जाणतं. आपली कितीतरी मापं मात्र दुसऱ्याच छेदांवर चालतात. एकराचे गुंठे चाळीस, गुंठ्याचे आणे सोळा, तासाची मिनिटं साठ, फुटाचे इंच बारा, षटकाचे चेंडू सहा. यांतलं कोणतंही माप टिंब देऊन लिहिलं की कागदावर ते दशांशासारखं दिसतं आणि कॅल्क्युलेटर त्याला दशांशच समजतो.

ट्रॅक्टर २ तास ४० मिनिटं चालला आणि दर ताशी ९०० रुपये आहे, असं समजा. २.४० × ९०० केलं तर २,१६० रुपये. खरा हिशोब असा: दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे १६० मिनिटं, म्हणजे १६०/६० तास. १६० ÷ ६० × ९०० = २,४००. ट्रॅक्टरमालकाचे २४० रुपये एका टिंबानं खाल्ले. पाच फूट सहा इंच हे ५.६ फूट नव्हे, साडेपाच फूट.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हा सापळा रोज दिसतो. धावफलकावरची १९.३ षटकं म्हणजे १९ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजे साडेएकोणीस षटकं. त्यांत १५६ धावा झाल्या असतील तर १५६ ÷ १९.३ केल्यावर ८.०८ येईल. खरी धावगती १५६ ÷ १९.५, म्हणजे नेमकी ८. अंशाधिक रूपात षटकं ११७/६ होतात. एकोणीस षटकांचे ११४ चेंडू आणि वरचे तीन.

सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरचं मात्र उलट आहे. शंभर आरचा एक हेक्टर, त्यामुळे तिथे टिंब खरोखरच दशांशाचं काम करतं. १ हेक्टर २० आर म्हणजे १.२० हेक्टर, बिनधास्त गुणा-भागा. अट एकच: आर नेहमी दोन अंकी लिहायचे. १ हेक्टर ५ आर हे १.०५ असं दाबायचं. घाईत १.५ दाबलं तर ते १ हेक्टर ५० आर होतं. फरक ४५ आरचा, आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. एक शून्य गळलं की एकरापेक्षा जास्त जमीन इकडची तिकडे होते.

एकर-गुंठे हेक्टर-आरमध्ये नेताना आधी सगळं गुंठ्यांत करावं. एक गुंठा म्हणजे १.०१२ आर, जवळपास बरोबरीचाच. सव्वादोन एकर म्हणजे ९० गुंठे. ९० × १.०१२ केलं की ९१ आरच्या आसपास उत्तर येतं. म्हणून गावात ‘सव्वादोन एकर’ म्हणतात त्या तुकड्यापुढे सातबाऱ्यावर ०.९१ च्या जवळचा आकडा असेल. तिथे २.१० शोधू नये.

साध्या कॅल्क्युलेटरवर

आता दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर आणि मोबाईल दोन्ही शेजारी ठेवा. सव्वादोन एकरात एकरी ८ क्विंटल सोयाबीन झालं, तर एकूण किती? उत्तर तोंडीच येतं: आठ दुणे सोळा, आठाचा पाव दोन, एकूण अठरा. आता २ + १ ÷ ४ × ८ असं सरळ दाबून बघा. दुकानातला कॅल्क्युलेटर ६ म्हणेल, मोबाईल ४ म्हणेल. अठरा कुणीच म्हणणार नाही.

दोघांचीही पद्धत समजून घेतली की हे कोडं सुटतं. साधा कॅल्क्युलेटर पुढच्या क्रियेची कळ दाबताच आधीची क्रिया करून टाकतो. दोन आणि एक तीन, भागिले चार ०.७५, गुणिले आठ ६. मोबाईलवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर शाळेतल्या नियमानं आधी गुणाकार-भागाकार उरकतात आणि मग बेरीज करतात. एकाचा पाव ०.२५, गुणिले आठ दोन, आणि दोन चार. दोघंही आपापल्या नियमाला धरून आहेत. आपल्याला हवा तो कंस मात्र कुणालाच सांगितलेला नव्हता.

कुणी म्हणेल, आधी पाव करून मग दोन मिळवू: १ ÷ ४ + २ × ८. साध्या कॅल्क्युलेटरवर हे जमतं, १८ येतं. मोबाईलवर मात्र १६.२५. आता अंशाधिक रूप घ्या: ९ ÷ ४ × ८. दोन्हीकडे १८. यात अधिकचं चिन्हच नाही, त्यामुळे क्रियांचा क्रम चुकायला वाव नाही. पूर्णांकयुक्त अपूर्णांक यंत्रात घालण्याआधी तो मनात अंशाधिक करून घ्यावा, हा या प्रकरणाचा मुख्य नियम. मोबाईलवर कंस असतात, (२ + १ ÷ ४) × ८ असंही लिहिता येतं. पण नऊ छेद चार करायला कंस शोधण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

भागाकारात एक वेगळा धोका आहे. सव्वादोन एकरात १८ क्विंटल झालं तर एकरी किती? १८ ÷ ९ ÷ ४ दाबलं तर ०.५ येतं, अर्धा क्विंटल! इथे चारनेही भागलं गेलं. अपूर्णांकानं भागायचं म्हणजे अंशानं भागायचं आणि छेदानं गुणायचं: १८ ÷ ९ × ४ = ८.

दोन्हीकडे अपूर्णांक असले तरी रीत बदलत नाही. एकरी दीड पोतं युरिया आणि शेत सव्वादोन एकर: ३ ÷ २ × ९ ÷ ४ = ३.३७५ पोती. तीन पोती पूर्ण आणि वर ०.३७५. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, ०.३७५ × ४५ = १६.८७५, म्हणजे चौथ्या पोत्यातला सुमारे १७ किलो. कागदावर हेच उत्तर २७/८, म्हणजे ३ पूर्णांक ३/८. दुकानदाराला तीन पूर्णांक तीन अष्टमांश सांगून उपयोग नाही. चार पोती घ्यायची आणि उरलेलं पुढच्या हप्त्याला ठेवायचं.

बेरीज-वजाबाकीला स्मृतीच्या कळा वापराव्यात. तीन तुकडे आहेत: सव्वादोन, साडेतीन आणि पावणेदोन एकर. आधी स्मृती कोरी करा. मग ९ ÷ ४ करून ‘एम प्लस’, ७ ÷ २ करून ‘एम प्लस’, ७ ÷ ४ करून ‘एम प्लस’. शेवटी ‘एमआर’ किंवा ‘एमआरसी’ दाबा: ७.५. साडेसात एकर. प्रत्येक अपूर्णांक आपापला भागाकार पूर्ण करून स्मृतीत जातो, म्हणून क्रमाचा गोंधळ होत नाही.

वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या होत गेल्या की हिश्शाचे हिस्से पडतात. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, त्यामुळे हिशोबातले छेद आणखी मोठे झाले. पावणेसहा एकरातला चौथा हिस्सा, आणि त्याचा तिसरा हिस्सा, गुंठ्यांत किती? पावणेसहा म्हणजे २३/४. गुंठ्यांसाठी चाळिसानं गुणायचं: २३ × ४० ÷ ४ ÷ ४ ÷ ३ = १९.१६६६६६… गुंठे. एकोणीस गुंठे आणि वर थोडं. ते थोडं सोळानं गुणलं की २.६६, म्हणजे दोन आणे आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त.

इथे आधी गुणाकार आणि मग भागाकार केला, त्याला कारण आहे. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १ ÷ ३ × ३ करून पाहा. ०.९९९९९९९ दिसेल. एकाचा तिसरा हिस्सा दशांशात संपत नाही, पडद्यावर मावेल तेवढाच भाग उरतो आणि बाकीचा कापला जातो. उलट क्रमानं १ × ३ ÷ ३ केलं की स्वच्छ १ येतो. भागाकार जितका उशिरा, तितकी काटछाट कमी.

हाली रुपये, कलदार आणि शेपटी सोलणं

यंत्रात गेलेलं उत्तर पुन्हा बोलीत आणायचं तर उलटी रीत लागते. त्यासाठी मराठवाड्याच्याच इतिहासातलं एक उदाहरण घेऊ.

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. इंग्रजी अमलाखालच्या मुलखातला रुपया तो कलदार. दोन्हींचा दर सात हाली रुपयांना सहा कलदार असा होता. म्हणजे एक कलदार रुपया ७/६ हाली. दोन्ही नाण्यांत व्यवहार करणाऱ्याला हा अंशाधिक अपूर्णांक वापरावा लागे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै.

शंभर कलदारांचे हाली किती? आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १०० × ७ ÷ ६ = ११६.६६६६६. पूर्ण रुपये ११६. ते वजा करा, उरले ०.६६६६६. ही शेपटी सोळानं गुणा: १०.६६६५६. पूर्ण आणे १०. ते वजा करून उरलेलं ०.६६६५६ बारानं गुणा: ७.९९८७२. म्हणजे ८ पै. उत्तर: ११६ रुपये १० आणे ८ पै. या दरानं शंभर कलदारांचा भाव असाच सांगितला जाई.

शेवटच्या पायरीवर ७.९९८७२ ला ८ का धरलं? कारण ११६.६६६६६ मध्येच काटछाट झालेली होती आणि ती चूक सोळा व बारानं गुणली जाऊन वाढत गेली. कागदावर हेच ११६ पूर्णांक २/३ आहे. सोळाचे दोन तृतीयांश १० पूर्णांक २/३, बाराचे दोन तृतीयांश नेमके ८. पडद्यावर ७.९९८ किंवा १०.९९९ असं काही दिसलं, तर ते काटछाटीचं लक्षण समजावं आणि जवळचा पूर्णांक धरावा. मात्र ७.८ दिसलं तर ते खरंच ७.८ असू शकतं. तिथे घाईनं आठ म्हणू नये.

उलटा व्यवहार ६/७ चा. ३५० हाली रुपयांचे कलदार: ३५० × ६ ÷ ७ = ३००. कुणी आधी ६ ÷ ७ केलं तर ०.८५७१४२८, आणि त्याला ३५० नं गुणलं की २९९.९९९९८. पुन्हा तोच धडा.

शेपटी सोलण्याची ही रीत कोणत्याही मापाला चालते. ४७ इंच म्हणजे किती फूट? ४७ ÷ १२ = ३.९१६६६६६. तीन वजा केले, उरलेलं बारानं गुणलं, १०.९९९९९९ आलं; म्हणजे ११. तीन फूट अकरा इंच. एकर असेल तर चाळिसानं गुणा, तास असेल तर साठानं, षटक असेल तर सहानं.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात असणाऱ्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अपूर्णांकांसाठी वेगळी कळ असते. कॅसिओच्या एफएक्स-८२एमएस आणि एफएक्स-९९१एमएस या मॉडेलांवर तिच्यावर ‘ए बी/सी’ असं लिहिलेलं असतं. सव्वादोन टाकायचं तर २, ती कळ, १, पुन्हा ती कळ, ४. पडद्यावर तिन्ही आकडे एका ओळीत, मध्ये छोट्या कोपऱ्यासारखी खूण घेऊन दिसतात. पहिला पूर्णांक, दुसरा अंश, तिसरा छेद. बरोबरचं चिन्ह दाबल्यावर ‘शिफ्ट’ आणि तीच कळ दाबली की ९ आणि ४ हे अंशाधिक रूप येतं. नुसती ती कळ दाबली तर २.२५. तिन्ही रूपं एकाच कळीत.

एफएक्स-९९१ईएस प्लससारख्या पुढच्या मॉडेलांवर अपूर्णांक वहीतल्यासारखा, वर अंश खाली छेद असा दिसतो. अपूर्णांकाच्या कळीनं साधा, तर ‘शिफ्ट’सह पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा साचा उघडतो. उत्तर सुरुवातीला बहुधा अंशाधिक रूपात येतं. साडेसहाची वाट पाहणाऱ्याला १३/२ दिसतं आणि तो गोंधळतो. ‘एस-डी’ कळ दशांश आणि अपूर्णांक यांत अदलाबदल करते, आणि ‘शिफ्ट’सह तीच कळ अंशाधिकाचं पूर्णांकयुक्त करते. त्यानंतरच्या सीडब्ल्यू मालिकेत या कामासाठी ‘फॉरमॅट’ ही कळ आहे.

या यंत्रांनाही मर्यादा आहेत. एमएस मॉडेलांवर पूर्णांक, अंश, छेद आणि मधल्या खुणा मिळून दहापेक्षा जास्त जागा लागल्या तर उत्तर आपोआप दशांशात येतं. अपूर्णांकाला दशांशानं गुणलं तरी तेच: २ पूर्णांक १/४ गुणिले १.५ केलं की ३.३७५. अशा वेळी कळ बिघडली असं समजू नये. अपूर्णांकाची कळ पुन्हा दाबली की ३ पूर्णांक ३/८ परत येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुंठे किंवा मिनिटं ओळखणारी समज या महागड्या कळीलाही नाही. २ एकर १० गुंठे हे २ पूर्णांक १०/४० म्हणूनच द्यावं लागतं. चाळीस हा आकडा आपणच पुरवायचा.

दाबण्याआधीचा अंदाज

जुन्या पाढ्यांचा उपयोग आता. काटछाट सोडली तर कॅल्क्युलेटर आकडेमोडीत चुकत नाही, पण आपण चुकीची कळ दाबली तर तेही तो सांगत नाही. उत्तर साधारण किती यायला हवं हे आधी माहीत असेल तरच चूक पकडता येते. आणि अंदाजासाठी पूर्णांकयुक्त रूपासारखं दुसरं सोयीचं रूप नाही. पावणेतीन एकरात एकरी २४ किलो बियाणं: चोवीस त्रिक बहात्तर, त्यातून चोवीसचा पाव सहा गेला, सहासष्ट. ११ ÷ ४ × २४ दाबून ६६ आलं की शंका मिटली. सव्वा ऐकलं की पाव वाढवायचा, दीड ऐकलं की निम्मा, पावणे ऐकलं की पुढच्या पूर्णांकातून पाव काढायचा. एवढं तोंडी जमलं तर पडद्यावरचं ०.७५ किंवा १६.२५ लगेच खटकतं.

अंदाजाबरोबर आणखी एक तपासणी करावी: वाटण्या पुन्हा मिळवून मूळ आकडा येतो का पाहणं. गुंठ्यांच्या जागी चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर चूक स्वतःच ओरडून सांगते. पाच एकर दहा गुंठे तिघांत वाटताना ५.१० ÷ ३ = १.७० आलं तर ‘एक एकर सत्तर गुंठे’ कुणी म्हणणार नाही. खरं उत्तर २१ ÷ ४ ÷ ३ = १.७५, म्हणजे पावणेदोन एकर, एक एकर तीस गुंठे. पण चूक चाळिसाच्या आत बसली तर ती गप्प राहते, आणि तिला उघडं पाडायला बेरजेचीच तपासणी लागते.

करून पाहा

१. सात एकर वीस गुंठे तीन भावंडांत वाटा.

२. मोटार ३ तास २० मिनिटं चालली. ताशी ६०० रुपयांप्रमाणे किती झाले?

३. २५० कलदार रुपयांचे हाली रुपये, आणे, पै किती?

४. पिकाची आणेवारी सोळापैकी सहा आणे धरली, तर आजच्या हिशोबात किती पैसे? ती ५० पैशांच्या खाली आहे का?

५. १८.४ षटकांत १६८ धावा. धावगती किती?

६. पावणेचार एकराला एकरी अडीच पोती खत, तर पोती किती घ्यावी लागतील?

उत्तरं: १. साडेसात एकर म्हणजे १५/२; १५ ÷ २ ÷ ३ = २.५, प्रत्येकी अडीच एकर, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. ७.२० ÷ ३ केलं असेल तर २.४० आलं असेल. दोन एकर चाळीस गुंठे म्हणजे तीन एकर, तिघांचे मिळून नऊ. २. २०० ÷ ६० × ६०० = २,०००; साध्या कॅल्क्युलेटरवर हा आकडा थोडा कमी दिसला तर २०० × ६०० ÷ ६० असं करा. ३. २५० × ७ ÷ ६ = २९१.६६६६६, २९१ रुपये १० आणे ८ पै. ४. ६ ÷ १६ × १०० = ३७.५, साडेसदतीस पैसे. हो, पन्नासच्या खाली. ५. अठरा षटकं चार चेंडू म्हणजे ११२ चेंडू; १६८ × ६ ÷ ११२ = ९. ६. १५ ÷ ४ × ५ ÷ २ = ९.३७५. नऊ पोती पूर्ण आणि दहाव्यातला थोडा भाग; दुकानातून दहा आणावी लागतील, आणि दहाव्या पोत्यातलं पाच अष्टमांश खत घरी उरेल.